शिक्षा कोणाला

पान उलटताना माझ्या बोटाला काहीतरी लागलं. टोचलं नाही, कापलं नाही, नुसतं अडलं. सकाळचे साडेदहा झाले असतील. विभावरी, म्हणजे माझी बायको, दारात भाजीवाल्याशी हिंदीत आणि अधूनमधून स्वतःशी मराठीत बोलत होती, आणि मी जेवणाच्या टेबलावर जुनं धोतर पसरून त्यावर माझं नवं पुस्तक साफ करत बसलो होतो. नवं म्हणजे माझ्याकडे नवं. छापून त्याला साठाच्या वर वर्षं झालेली. पुठ्ठा गेलेला, पहिली दोन पानं गेलेली, शेवटचं पान कुणीतरी पुडीसाठी नेलेलं. तरी आलोकच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात, सराफ्याच्या बोळात, जुन्या दिवाळी अंकांच्या गठ्ठ्याखालून त्याचा एक कोपरा दिसला तेव्हाच मी ओळखलं होतं, कारण त्या कोपऱ्यातल्या चित्रात एक मुंगी होती. ह्या पुस्तकाच्या चित्रकाराने आपलं नाव कुठंच लिहिलेलं नाही. सही करायच्या जागी तो एक मुंगी काढतो, चार पायांची. दोन पाय विसरतो की मुद्दाम सोडतो, हे मला चाळीस वर्षांत कळलेलं नाही. आणि इतकी वर्षं मी हीच आवृत्ती शोधत होतो, जबलपूरलाच एका बारक्या छापखान्यात छापलेली, हिंदी, चित्रं वेगळ्या गुळगुळीत कागदावर छापून कडेने चिकटवलेली. आलोक म्हणाला, "दादा, इसमें तो आधा माल गायब है." मी म्हणालो, असू दे. माझा आवाज जरा चढलाच असावा, कारण त्याने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

माझ्याकडे प्राण्यांच्या नीतिकथांची दोनशे बारा सचित्र पुस्तकं आहेत. मराठी, हिंदी, गुजराती, बंगाली, थोडी इंग्रजी. लोक विचारतात, ह्या वयात काय हे, तेव्हा मी सिंहाबद्दल बोलायला लागतो. एकाच गोष्टीतला सिंह प्रत्येक गावच्या चित्रकाराने कसा आपल्या गावचा केलाय, कलकत्त्याच्या सिंहाला भांग पाडलेला असतो, पुण्याचा सिंह मास्तरांसारखा उभा असतो, कुणी जन्मात सिंह पाहिलेला नसतो त्यामुळे पंजे कुत्र्याचे आणि आयाळ सूर्यफुलाची. हे सगळं खरं आहे आणि मला त्याची खरीच गंमत वाटते. पण मी हा नाद कसा लावून घेतला याचं ते उत्तर नव्हे. लोकांना ते पुरतं. विभावरीलाही पुरलेलं आहे, निदान ती तसं दाखवते.

पुस्तक घरी आलं की मी ते वाचत नाही, आधी पुसतो. चौतीस वर्षं मी इथल्या एका फॅक्टरीच्या ड्रॉइंग ऑफिसात ड्राफ्ट्समन होतो. त्या नोकरीने मला पाठदुखी दिली आणि पत्रा दिला. पत्रा म्हणजे पोस्टकार्डापेक्षा लहान, कागदाइतकी पातळ अशी स्टीलची प्लेट. तिला निरनिराळ्या आकाराच्या फटी असतात. चुकलेली रेघ फटीत धरायची, वरून खोडरबर फिरवायचं, शेजारच्या रेघांना धक्काही लागत नाही. फटीतून चूक तेवढी दिसते, बाकी सगळं झाकलेलं. मी तसाच हात बसवून घेतला आहे. पुस्तकात पोरांनी केलेलं गिचमिड असतं, सिंहाला मिशा असतात, पाढे असतात, कुणाकुणाची नावं असतात. मी पत्रा ठेवतो आणि एकेक तुकडा पुसतो, त्या वेळी मला शब्द दिसत नाही, पेन्सिलचं शिसं दिसतं. चित्रंही मी मोजत नाही, सगळ्या शेवटी मोजतो, कारण कमी निघाली की हात बिघडतो. ह्या पुस्तकात गोष्टी वीस होत्या. प्रत्येक गोष्टीच्या शेवटी कुणीतरी मऊ पेन्सिलने बारीक अक्षरात काहीबाही लिहिलेलं होतं. अकरा गोष्टींखालचं मी स्वच्छ पुसलं होतं, बारावीकडे निघालो होतो, आणि पानाच्या मधल्या शिवणीपाशी बोट अडलं.

तिथं गुळगुळीत कागदाची एक पट्टी होती, जेमतेम बोटाच्या रुंदीची. म्हणजे इथं चित्र होतं आणि ते कुणीतरी कापून नेलं होतं. असं मी शंभर पुस्तकांत पाहिलं आहे. पण ह्या पट्टीची कड वरून नीट सरळ खाली येत होती, मग मधे एकदा दचकल्यासारखी आत गेली होती, आणि तिथून पुढं वेडीवाकडी, घाईची. ती कड मी ओळखली. मुंगी ओळखावी लागली होती, कड ओळखावी लागली नाही, आपलं अक्षर दिसलं की कळतं तशी कळली. मी पत्रा खाली ठेवला. बाहेर विभावरी म्हणत होती, "भैया, ये तो सब कड़क है," आणि मग स्वतःशी, "काय मेली भेंडी." मला वाटलं हे सगळं फार लांब चाललं आहे.

आता हे सांगायला हवं की माझं नाव श्रीपाद असलं तरी घरात मी बंडू. आणि माझ्याहून सहा वर्षांनी मोठी माझी बहीण, तिचं नाव सुहासिनी, पण ती बेबी, मग बेबीताई, आज सत्तरीतही बेबीताईच. आम्ही फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये वाढलो. शेजारीपाजारी सगळे हिंदी, घरात मराठी, आणि बेबीताई ही मधली खिडकी. शाळेच्या लायब्ररीतून ती हिंदी पुस्तकं आणायची आणि मला वाचून दाखवताना ओळीओळीला मराठी करत जायची, न थांबता, जणू मराठीतच छापलं आहे. घरी काकांनी नागपूरहून धाडलेलं एक मराठी पुस्तक होतं, त्यात गोष्ट संपली की 'तात्पर्य' असायचं. ते आम्ही कधी वाचलं नाही, तात्पर्य हा शब्दच कडू औषधासारखा होता. पण हिंदी पुस्तकात गोष्ट संपली की लिहिलेलं असायचं, 'शिक्षा'. बेबीताई तेव्हा आठ-नऊ वर्षांची असेल, तिने तो शब्द आपल्या घरचाच धरला. गोष्ट झाली, आता शिक्षा. किती बरोबर होतं ते! एवढा सगळा लबाडपणा झाल्यावर कुणालातरी शिक्षा नको का? खाली छापलेलं उपदेशाचं वाक्य त्यात कुठं बसत नव्हतं, म्हणून ती ते गाळायची आणि पुस्तक छातीशी धरून मला विचारायची, "शिक्षा कोणाला?" मी म्हणायचो, कोल्ह्याला. मग काय शिक्षा, तेही ठरायचं. बगळ्याला दोन दिवस कांदा सोलायला लावायचा. माकडाला सत्तावीसचा पाढा उलटा. पुढं शाळेत तिला हिंदीतल्या शिक्षेचा अर्थ कळला असणार, कळलाच असणार, ती वर्गात पहिली यायची. पण माझ्यासाठी तिने खेळ मोडला नाही. त्यामुळे मी सात वर्षांचा होईपर्यंत मला पक्कं ठाऊक होतं, की जगातली प्रत्येक गोष्ट शिक्षेशी येऊन संपते, आणि ती झाली की सगळे मोकळे.

एकच गोष्ट अशी होती की जिची शिक्षा आम्हाला ठरवता येईना. ती ह्या पुस्तकातली अकरावी. कोल्हा शिंपी होतो. सिंह त्याला कोट शिवायला सांगतो. कोल्हा माप चुकतो, कोट आखूड होतो, आणि कोल्हा म्हणतो, महाराज, कोट बरोबर आहे, माप दिल्यापासून आपणच वाढलात. सिंह खूष होतो. संपलं. कुणी मरत नाही, कुणी रडत नाही, कुणाचं शेपूट जात नाही. मला ते सहन व्हायचं नाही. मी रोज तीच गोष्ट वाच म्हणायचो, काहीतरी निसटलंय म्हणून, आणि वाचून झाल्यावर बेबीताईही बोटाने आपली वेणी ओढत विचारात पडायची. "थांब, ह्याची शिक्षा मी शोधून ठेवते," म्हणायची. आणि त्या गोष्टीचं चित्र! सिंह एक हात वर करून उभा आहे, माप देताना माणसं उभी राहतात तसा, पोट आत घेऊन. आणि स्टुलावर चढलेला कोल्हा, हातात मापाची पट्टी, सिंहाच्या खांद्यावरून खाली सोडलेली, तोंडात टाचण्या. खाली कोपऱ्यात चार पायांची मुंगी. त्या एप्रिलमध्ये बेबीताईची आठवीची परीक्षा संपली आणि पुस्तक परत करायचा दिवस आला. उद्या ते जाणार म्हणताना दुपारी मी बाबांचं अर्धं ब्लेड घेतलं, पलंगाखाली शिरलो आणि चित्र कापलं. निम्मं झालं असताना कुणाचीतरी पावलं वाजली. हात दचकला. मग उरलेलं मी कसंतरी ओढलं.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या बड्या बहनजींकडून, म्हणजे हेडबाईंकडून, बाबांना बोलावणं आलं. घरी परत आले तेव्हा बाबांच्या हातात तेच पुस्तक होतं, शाळेने ते खराब म्हणून आमच्या गळ्यात घातलं होतं, आणि बेबीताई त्यांच्या मागे दोन पावलं. ती रडत नव्हती. तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. मी मोरीच्या दाराआड उभा राहिलो. माझा निश्चय झाला होता, हे मला आज खोटं वाटू नये म्हणून मी कितीदा तपासून पाहिलंय. बाबा घोटभर पाणी पितील, मग मी बाहेर येईन आणि म्हणेन, मी. तेवढ्यात शेजारच्या भाभींनी कुंपणावरून विचारलं, क्या हुआ भाई साहब, बच्ची को क्या हुआ? आणि बाबा म्हणाले, मोठ्याने, सगळ्या ओळीला ऐकू जाईल असं, "कुछ नहीं. बस, अब इसकी शिक्षा समाप्त."

मला इतकं हलकं वाटलं. शिक्षा समाप्त! म्हणजे जी काय व्हायची ती शाळेत होऊन गेली, दोन छड्या, चार छड्या, झालं. आता मी 'मी' म्हणायला गेलो तर उगाच दुसरी सुरू व्हायची. मी मोरीच्या आडून निघून मागच्या अंगणात गेलो आणि पेरूच्या झाडावर चढलो. पेरू नव्हते, एप्रिलमध्ये कुठले, तरी चढलो. जुलैत शाळा उघडली तेव्हा मी नवी पाटी घेऊन निघालो आणि बेबीताई तांदूळ निवडत होती. मी आईला विचारलं, हिची शाळा कधी? आई म्हणाली, जा तू. त्या दिवशी तिसऱ्या तासाला बाईंनी फळ्यावर लिहिलं, 'शिक्षा का महत्त्व', आणि मला तो शब्द दुसऱ्या बाजूने दिसला, शिक्षण. दिसला तो दिसलाच. पण तोवर तीन महिने झाले होते, आणि सात वर्षांच्या पोराला तीन महिने म्हणजे जन्म. मग सहा महिने झाले, मग तिचं लग्न झालं, मग बाबा गेले. मी स्वतःला समजावलं, हायस्कूल लांब होतं, बस नव्हती, बाबांना कारणच हवं होतं, चित्र नसतं तर दुसरं काही. असेलही. आम्ही दर दिवाळीला भेटतो, दर आठवड्याला फोन करतो, तिच्या गुडघ्यांपासून माझ्या मुलाच्या बदलीपर्यंत सगळं बोलतो. एवढी एक गोष्ट सत्तावन्न वर्षांत निघाली नाही. तिला कळलं होतं का, की तो मी होतो? पुस्तकं जमवता जमवता खरं तर मी हेच शोधत होतो, हे मला त्या मंगळवारी टेबलापाशी एकदम उघड उघड कळलं, आणि लाज वाटली.

कपाटातल्या फोल्डरमधून मी तो कापलेला कोल्हा काढला. पट्टीला लावला. दचकलेल्या जागी दचकलेली जागा बसली. सबंध घरात मला कुणाला हाक मारावीशी वाटली नाही. मग मी हात पुसून, चष्मा बदलून, उरलेल्या नऊ गोष्टींखालचं लिहिलेलं, आजवर कधी करत नाही ते केलं, वाचलं. छापलेल्या 'शिक्षा' ह्या शब्दापुढं, मराठीत, बेबीताईचं अक्षर, थोडं कोवळं. 'उंटाला. मान खाली घालून आईला दळू लागावे.' 'कोंबड्याला. रविवारी गप्प.' 'मुंगीला. एक दिवस काही करू नये, नुसते खिडकीत बसावे.' ह्याच्या बाजूला अगदी बारीक, 'आज सोमवार. कढी केली.' पुस्तक घरी पडून होतं त्या वर्षभरात, घर आवरून झाल्यावरच्या दुपारी, ती एकटीच हा खेळ खेळत होती. मी शाळेत असायचो. अकरा शिक्षा मी पुसून टाकल्या होत्या, न वाचता, उत्तम खोडरबराने, एकही रेघ न ठेवता. आणि अकरावी कोल्ह्याची. थांब, मी शोधून ठेवते, म्हणाली होती ती. तिने शोधली होती, लिहिली होती, आणि मी दहा-पंधरा मिनिटांपूर्वी ती फुंकून धोतरावर झटकली होती.

पेन्सिल गेली तरी कागदात तिचा दाब राहतो, हे आम्हा ड्रॉइंगवाल्यांना माहीत असतं. मी पुस्तक खिडकीत नेलं, पान उन्हात आडवं धरलं, डोळा पानाच्या पातळीला आणला. विभावरी भाजीची पिशवी घेऊन आत आली आणि म्हणाली, "हे काय करून राहिले?" मी म्हणालो, शोधून राहिलो. ती बिचारी भेंडी धुवायला गेली. मऊ पेन्सिल, हलका हात. जवळजवळ काही उरलं नव्हतं. पण छापलेल्या 'शिक्षा'च्या पुढं एक व दिसला, आणि त्याच्या पोटात तिरकी रेघ. ब. पुढं कागद गुळगुळीत. मी पान फिरवून पाहिलं, मागून पाहिलं, भिंग घेतलं. ब. बंडूला? की बेबीला? तिला कळलं होतं आणि तिने माझं नाव लिहिलं होतं, की सगळं आपल्याच अंगावर घेऊन आपलं? दोन्हींत कोणतं जास्त वाईट, हेही मला ठरवता येईना. जेवण झाल्यावर मी सदरा घातला आणि पुस्तक नि चित्र पिशवीत टाकून निघालो.

बड्या फुहाऱ्याच्या चौकात रिक्षातून उतरून खोव्याची जलेबी घेतली, ती बेबीताईला आवडते, आणि चालत दीक्षितपुऱ्यात तिच्या घरी गेलो. बेबीताई खिडकीशी मशीनपुढच्या खुर्चीत बसली होती. पन्नास वर्षं तिने त्या खिडकीत अर्ध्या दीक्षितपुऱ्याचे ब्लाउज शिवले. आता मशीनवर टॉवेल टाकलेला असतो, पण खुर्ची तीच. पलंगावर तिची नात सलोनी लॅपटॉप घेऊन बसली होती, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मी पुस्तक बेबीताईच्या मांडीवर ठेवलं. तिने उघडलंसुद्धा नाही, आधी वास घेतला.

"लाल पुस्तक!" ती म्हणाली. लाल पुठ्ठा कधीच गेलेला. "कुठून आणलं रे?"

"आलोककडे होतं. सराफ्यात."

"अच्छा, म्हणजे गावातच होतं. लग्नाच्या आधी आईने रद्दीत टाकलं. मी त्याला मनात कुठं कुठं पाठवून दिलं होतं." ती पानं उलटू लागली. पहिली गोष्ट, दुसरी, पाचवी. थांबली. "इथं मी लिहिलं होतं न?"

"मी पुसलं, ताई. अकरा पुसल्या. साफ करत होतो."

"वाचल्या?"

"नाही."

"न वाचता पुसल्या! बाप्पा, काय माणूस आहेस तू!" तिला राग आला नव्हता, नवल वाटलं होतं, आणि ते मला जास्त लागलं. सलोनी उठून तिच्या खांद्यावरून वाकली. "आजी, 'शिक्षा, उंटाला'? शिक्षा मतलब तो एजुकेशन ना? उंटाला एजुकेशन काहून?" बेबीताई म्हणाली, "बेटा, उंटालाच मिळते. जा, चहा टाक." सलोनी हसत आत गेली.

मग बेबीताईचं बोट त्या पट्टीवर आलं. शिवणकामाने ते बोट राठ झालेलं आहे, पण कापड ओळखणारं आहे. वरून सरळ खाली आलं आणि दचकलेल्या जागी थांबलं. "इथं भ्याला होतास न?" ती म्हणाली.

मी मान डोलावली.

"मीच आली होती पाणी प्यायला. पलंगाखालून तुझे पाय दिसून राहिले होते. मला वाटलं, झोपला. दुसऱ्या दिवशी बड्या बहनजींनी हे पान उघडून समोर धरलं, न मला ते पाय आठवले."

"मग सांगितलं काहून नाही?"

"मला वाटलं, दोन छड्या बसतील, संपलं. तुला बाबांनी पट्ट्याने मारलं असतं." ती सरळ बोलत होती, भाजीत मीठ किती ते सांगावं तसं. "शाळा जाईल असं कुठं वाटलं होतं? गेल्यावर मग तुझी वाट पाहिली. म्हटलं, हा येईल, बोलेल. तू तर पेरूवर चढून बसला."

तेव्हा मी तिला सांगितलं. मोरीचं दार, शेजारच्या भाभी, बाबांचं ते वाक्य. इसकी शिक्षा समाप्त. मला वाटलं, ताई, तुझी शिक्षा संपली. मी चौसष्ट वर्षांचा माणूस, सात वर्षांच्या पोरासारखा एका दमात सगळं बोलून गेलो. बेबीताई माझ्याकडे बघत राहिली. आधी तिला कळलं नाही, मग कळलं, आणि ती हसायला लागली. पदर तोंडाला लावून, खुर्ची हलेपर्यंत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "अरे येड्या," ती म्हणत होती, "अरे येड्या, म्हणजे हे मीच शिकवलं होतं न तुला!" मीही हसलो असेन. आतून सलोनीने विचारलं, "क्या हुआ?" कुणी सांगितलं नाही. मग हसू ओसरलं आणि ती पट्टीकडे बघत बसली.

"मी बोललो असतो तर शाळा राहिली असती का?" मी विचारलं.

"मालूम नाही. बहुतेक नसती. पण एक कारण तर कमी झालं असतं न."

"राग आहे?"

"होता. त्या जुलैत तर फार होता. आता काय, बँकेत नाही तर दवाखान्यात फॉर्म भरताना त्या रकान्याशी आली, शिक्षण किती, की येतो. मग जातो." तिने पदराने डोळे कोरडे केले. "तुझ्यावरच येतो असं नाही."

मी अकराव्या गोष्टीवर बोट ठेवलं. "इथं काय लिहिलं होतंस? ब दिसतो नुसता. मी उन्हात धरून पाहिलं. बंडूला लिहिलं होतं की बेबीला?"

ती माझ्याकडे अशी पाहू लागली, जणू मी अजून मोरीच्या दाराआडच उभा आहे. "बाबांना," ती म्हणाली. "दुसरं कोणाला लिहिणार? बाबांना. रोज सकाळी दप्तर घेऊन शाळेत जावे, पुढच्या बाकावर बसावे. एवढं सारं लिहिलं होतं, तू पुसलं."

घरात तिसरा ब होता. सत्तावन्न वर्षांत मला तो एकदाही सुचला नव्हता. मी सगळं माझ्या नि तिच्या मधेच मांडून ठेवलं होतं, फटीत धरल्यासारखं, आणि बाजूला जे होतं ते झाकलेलं. मला एकदम इतकं मोकळं वाटलं की मी पिशवीतून फोल्डर काढला आणि कोल्हा तिच्या पुढ्यात ठेवला. तिने चित्र हातात घेतलं. उजेडाकडे धरलं. "हा माप चुकीचंच घेऊन राहिला आहे," ती म्हणाली. "कोटाची उंची मानेच्या मणक्यापासून घेतात. कोट आखूड होईल नाही तर काय." मी म्हणालो, मी हे जागेवर चिकटवून देतो, गव्हाची खळ करतो, कड अशी बसेल की जोड दिसणार नाही, वीसच्या वीस चित्रं, ताई, अशी प्रत दुसरी कुठं नसेल. बोलता बोलता माझे हात ती जागा मोजूसुद्धा लागले होते.

"नाही," बेबीताई म्हणाली.

"काय नाही?"

"चिकटवायचं नाही. बाबांची शिक्षा तू पुसली, ती गेली. बाबाही गेले. जागा रिकामी आहे." तिने पुस्तक माझ्या हाताखालून ओढून घेतलं. "चित्र तुझ्याकडे राहील, पुस्तक माझ्याकडे. गोष्ट पुरी पाहायची असली की चित्र घेऊन इथं यायचं. पुसलेल्या दहा बाकी आहेत, त्या पुन्हा ठरवायच्या आहेत, त्यालाही यायचं. पेन दे."

मी खिशातून पेन्सिल काढली. माझ्या खिशात नेहमी पेन्सिलच असते.

"पेन्सिल नाही. पेन. बॉलपेन."

सलोनी चहा घेऊन आली होती, तिने आपलं निळं बॉलपेन पुढं केलं. मी दोनशे बारा पुस्तकांचा मालक, पुस्तकाला शाईचा ठिपका दिसला तर जेवण न जाणारा माणूस. दोनशे तेरावं तिच्या मांडीवर उघडं होतं आणि मी हात मागे घेऊन बसलो. तिने टोपण दातात धरलं, शाळेत धरायची तसं. छापलेल्या शब्दापुढं लिहिलं, 'बंडूला', आणि त्याच्या पुढं सगळं, चित्र, पुस्तक, येणं-जाणं, आजची तारीख. लिहून झाल्यावर मला म्हणाली, "बाबांसारखं समाप्त म्हणणार नाही मी. आजपासून सुरू." मोरीच्या दाराआडून मी ज्याची वाट पाहत होतो ते हेच होतं, रडू आलं आणि मी ते आवरलं नाही. जलेबी सलोनीने खाल्ली. निघण्यापूर्वी मी पान उलटून मागच्या बाजूने हात फिरवला. अक्षरं बोटाला लागत होती, एकेक, उठून आलेली. ह्या वेळी तिने दाबून लिहिलं होतं.